मागितल्याशिवाय देऊ नका

१

औशाच्या बसस्टँडमागं पत्र्याचं तीन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत पिंजरा, मागं स्वयंपाकघर, आणि मधली खोली वर्षभरापासून बंद. कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. पण व्यंकटीला पाणी प्यायचं झालं तरी तो बाहेरच्या बोळातून वळसा घालून स्वयंपाकघरात जायचा.

व्यंकटीनं तीस वर्षं स्टँडवर फुटाणे विकले. गाड्याला पिंजरा टांगलेला असायचा आणि त्यातला राघू ओरडायचा, "घ्या फुटाणे, गरम हाईत!" लोक बस सोडून ऐकायचे. एक राघू गेला की दुसरा यायचा, आणि महिनाभरात तोही बोलायला लागायचा. राघूला बोलतं करावं ते व्यंकटीनंच. त्या कामात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

युक्ती साधी होती. दिवस मावळला की पिंजऱ्यातली वाटी काढून घ्यायची. सकाळी पाखरू भुकेलं असतं. तेव्हा एकच फुटाणा दोन बोटांत धरायचा आणि थांबायचं. शब्द निघाला की नखानं डब्याच्या झाकणावर 'टक' करायचं, मग फुटाणा द्यायचा. टक म्हणजे बरोबर. टक म्हणजे आता मिळणार. एक शब्द पक्का झाला की त्यावर फुटाणा बंद, आता दोन शब्द म्हण. "पोट भरलेलं पाखरू शिकत न्हाई," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि लोक माना डोलवायचे.

आता गाडा नव्हता. राघू पाळणं गुन्हा आहे, असा वनखात्याच्या माणसानं दम दिल्यापासून पिंजराही बाहेर निघत नव्हता. पण आत नवाब होता, अकरा वर्षांचा, गळ्याला लाल कंठ असलेला. त्याच्यासाठी व्यंकटी रोज सकाळी डबा घेऊन बसायचा. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या सोमवारी नवाब "राम राम" म्हणाला. टक. फुटाणा चोचीत गेला आणि उजव्या कडेनं खाली आला.

व्यंकटीनं दुसरा दिला. तोही उजव्या कडेनं आला. पडला म्हणता येत नव्हतं. तो हळूच घरंगळला, ओला होऊन. घास बाहेर गेल्यावरही नवाबची जीभ चोचीत उजव्या बाजूला त्याला शोधत राहिली.

हे असं कुठं पाहिलं होतं ते व्यंकटीच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि तो अंगणात झाडू मारायला गेला.

तेवढ्यात फोन वाजला. लेक अयोध्या नांदेडहून बोलत होती. ती तिथं अंगणवाडीत कामाला होती.

"आबा, रविवारी येते. आईचं वर्षश्राद्ध करू अन् तुम्हाला घेऊनच जाते. नवाबलाबी."

"कशाला तुला घोर, बाई."

"घोर काय त्यात? आईचं तुम्ही जेवढं केलं तेवढं कुणाचा नवरा करत न्हाई. अख्खा औसा म्हणतो. आता माझी पाळी."

व्यंकटीनं "हाव" म्हटलं. लेकीच्या तोंडचं हे एक वाक्य, त्यावरच तो वर्षभर जगला होता. ते वाक्य जेव्हा जेव्हा कानावर पडे तेव्हा तेव्हा त्याची मान आपोआप खाली जाई. लोकांना वाटायचं, म्हातारा किती गरीब स्वभावाचा.

२

बुधवारपर्यंत नवाबच्या पोटात दाणा गेला नव्हता. शेजारचा नागप्पा चहाला आला आणि पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला.

"व्यंकटराव, तुमच्या फुटाण्याला इटला हो ह्यो. नवाब हाय, बिर्याणी मागत आसंल."

"चेष्टा नको करू, नागप्पा. तीन दिवस झाले."

"माझी म्हैस आशीच बसली व्हती. डॉक्टरनं एक सुई टोचली, दावं तोडून पळाली. चला."

पिंजऱ्यावर पोतं टाकून ते जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरनं चोच उघडून पाहिली, घसा पाहिला, पंख ताणून पाहिले. पेरूची फोड पुढं केली. नवाबनं ती चोचीत घेतली नाही आणि टाकूनही दिली नाही. तो नुसता बसून राहिला.

"चोच चांगली आहे, घसा चांगला आहे," डॉक्टर म्हणाला. "आजारी नाही. भूक लागलीय त्याला, दिसतंय ना. पण कशाची तरी वाट बघत असल्यासारखा बसलाय."

"कोण वाट बघतंय, पाखरू?" नागप्पा हसला. "आता त्याला काय बायको आणावी का?"

व्यंकटीला हसू आलं नाही.

घरी येऊन त्यानं पिंजरा खुंटीला अडकवला. दुपार झाली होती, पत्रा तापला होता. तो भिंतीला टेकून बसला आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा ऐकू आलं.

टक.

पत्रा वाजला, असं त्यानं मनाला सांगितलं. पण पत्रा ऊन लागून वाजतो तो कडकड असा, लांबट. हा आवाज आखूड होता. स्टीलच्या वाटीच्या काठावर चमचा एकदाच आपटावा तसा. मग नवाबनंच आवाज काढला असेल, राघू काय वाट्टेल ते उचलतो. त्यानं मान वर करून पाहिलं. नवाबची चोच मिटलेली होती. आवाज आला तिकडं, मधल्या खोलीच्या दाराकडं, त्यानं गळा ताणला होता. डोळ्याची बाहुली लहान-मोठी होत होती. फुटाणा मिळणार असला की व्हायची, तशी.

३

आता ते सांगायलाच पाहिजे.

व्यंकटीच्या बायकोच्या, रुक्मिणबाईच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा बाजरीचं पीठ मळता मळता ती आडवी झाली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. लातूरच्या दवाखान्यात महिनाभर ठेवलं. तिथं बोलायचा सराव घेणारी एक तरुण बाई होती, ज्योत्स्ना नावाची. फार मायाळू. घरी सोडताना तिनं व्यंकटीला समजावलं होतं, "बाबा, त्यांनी मागितल्याशिवाय देऊ नका. थोडं थांबा, त्यांना प्रयत्न करू द्या. नाहीच जमलं तर द्यायचं."

व्यंकटी फार शिकलेला नव्हता, पण हे त्याला लगेच कळलं. तो तीस वर्षं दुसरं काय करत आला होता? आनंदानं त्याच्या अंगावर काटा आला. लातूरची शिकलेली बाईसुद्धा तेच सांगते! पुढचं 'थोडं' आणि 'नाहीच जमलं तर', एवढं मात्र एसटीत बसेपर्यंत त्याच्या डोक्यातून गळून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून तो ताकातल्या कण्यांची वाटी घेऊन बाजेवर तिच्या डाव्या अंगाला बसायला लागला. "म्हण, 'दे'. म्हण की." चौथ्या दिवशी ती म्हणाली, "द्... दे." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि हाताला सवयच होती. चमचा वाटीच्या काठावर वाजला. टक. मग घास.

रुक्मिणबाईनं तेव्हा त्याच्याकडं पाहिलं. तीस वर्षं राघू शिकवणाऱ्या माणसाच्या घरात ती नांदली होती. त्या आवाजाचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. घास तिच्या तोंडाच्या उजव्या कडेनं घरंगळला. तिनं नजर वळवली.

तो मात्र हुरूपात होता. दहा दिवसांनी त्यानं नुसत्या 'दे'वर घास बंद केला. आता "कण्या दे" म्हण. ती म्हणाली नाही. वैशाखातली दुपार होती. त्यानं वाटी वरच्या फळीवर ठेवली, तिला दिसेल अशी, आणि म्हटलं, "भूक लागली की म्हणशील." आणि तो बाहेर जाऊन नागप्पाच्या ओट्यावर बसला.

संध्याकाळी कण्यांवर साय धरली होती. ती बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. ती बोलू शकत होती, हे त्याला ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी झोपेत तिनं लेकीचं नाव घेतलेलं त्यानं स्वतः ऐकलं होतं. म्हणजे हा हट्ट आहे, असं त्याला वाटलं. आणि हट्टाला नमलं की शिकवलेलं सगळं जातं, हा त्याचा तीस वर्षांचा अनुभव. पाणी तो पाजत होता. पाण्यावर त्यानं कधी अट घातली नव्हती. एवढं तो पुढं स्वतःला रोज सांगायचा.

पाचव्या दिवशी तो घाबरला आणि वाटी घेऊन धावला. "काही न्हाई म्हणलीस तरी चालंल, खा माय, खा." त्यानं घास तोंडाला लावला. तिनं ओठ उघडले नाहीत. ती नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, जणू आता त्यानंच काही म्हणायचं राहिलं होतं.

अकराव्या दिवशी ती गेली.

अयोध्या आली तेव्हा रडत तिनं विचारलं होतं, "आबा, आईनं शेवटी काय खाल्लं?"

"खीर," तो म्हणाला. "अन्नावरची वासनाच उडाली व्हती तिची. पर खीर खाल्ली दोन चमचे."

दहाव्याला नदीवर कावळे झाडावर बसून राहिले. एकही पिंडाजवळ उतरला नाही. लेकीनं हात जोडून सांगितलं, आई, मी आबाला सांभाळीन. नागप्पानं सांगितलं, वैनी, आम्ही हाव शेजारी. कावळे हलले नाहीत. "आबा, तुम्ही म्हणा काहीतरी," अयोध्या म्हणाली. व्यंकटीच्या ओठांपर्यंत आलं होतं. चारचौघं होते. त्यानं नुसते हात जोडले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले.

४

गुरुवारी व्यंकटीनं आजवर केलं नव्हतं ते केलं. पिंजऱ्यात फुटाणे ओतले, शेंगदाणे ओतले, हिरवी मिरची, पेरू, भिजवलेली डाळ. "खा बाबा. काही म्हणू नको. मला काहीच ऐकायचं न्हाई."

नवाब त्या ढिगात उभा राहिला. एक फुटाणा उचलून त्यानं चोचीत धरला. धरला आणि तसाच थांबला. त्याची नजर व्यंकटीच्या खांद्यावरून मागं, बंद दारावर होती. मग ती व्यंकटीच्या तोंडावर आली. घटकाभरानं फुटाणा उजव्या कडेनं घरंगळला.

राघूला माणसासारखं कळत नाही, व्यंकटी स्वतःशी म्हणाला. त्यानं रुक्मीणला फार तर दारातून पाहिलं असेल. पाहिलेलं उचललं, एवढंच. पण पाहिलेलं वर्षभरानं कसं उचलतो? आणि ती वाटी, तो चमचा? तेरावं झाल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं भांड्यांचं गाठोडं देऊन टाकलं होतं. त्या खोलीत आता एक बाज होती आणि रिकामी फळी.

टक, आतून आलं.

त्यानं कानांत कापूस घातला. कापूस घालून भाकरी खायला बसला. घास मोडला, कालवणात बुडवला. जरा वेळानं पाहिलं तर घास हातातच होता. कालवण बोटांवरून मनगटापर्यंत ओघळून वाळलं होतं. दारातलं ऊन सरकून चुलीपर्यंत आलं होतं. एवढा वेळ तो हात वर धरून बसला होता.

कशाची वाट बघत होता तो?

त्यानं घास तोंडात घातला. तो आत जाईना. त्यानं कापूस काढला, आणि काढल्याबरोबर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की भाकरीवरच ताट झाकून तो उठला. कारण कापूस त्यानं त्या आवाजासाठी काढला होता. तो आवाज आला असता तर घास गिळता आला असता.

शुक्रवारी तसंच झालं. शनिवारी तसंच.

५

अयोध्या रविवारी सकाळच्या गाडीनं आली. सोबत शिरा, नवं धोतर आणि पिंजऱ्यावर घालायला शिवलेलं कापड. बापाला बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"आबा! किती वाळलाव. जेवत न्हाईत का काय?"

"जेवतो की."

"खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं. गालफडं बघा." तिनं पिशवी ठेवली आणि पिंजऱ्याकडं पाहिलं. नवाब तळाला बसला होता, पिसं फुगवून, उजवा पंख लोंबत. "अगं माय, ह्याला काय झालं? आईच्या माघारी तुमी दोघं एकमेकाला बघून उपास धरलाव का?"

तिनं बोटांत फुटाणा धरला. अंगणवाडीतल्या लेकरांशी बोलावं तशी ती बोलली, "खा रं राजा. खा. माझ्या आईचा लाडका ना तू?" नवाबनं फुटाणा घेतला आणि धरून ठेवला.

"बघा, घेतला! तुमच्या हातचं नको झालंय त्याला." ती हसली, मग मागं वळून बापाचा हात तिनं हातात घेतला. "आबा, मी नांदेडात सगळ्यांना सांगते. माझ्या बापानं माझ्या आईला शेवटपर्यंत घास घास भरवला, म्हणते. बायका रडतेत ऐकून."

टक.

तिचा हात थबकला. "आत कोण हाय?"

तिलाही ऐकू आलं होतं. म्हणजे ते त्याच्या कानात नव्हतं.

"कोण न्हाई. पत्रा."

"पत्रा आसा वाजतो का? भांडं वाजलं. मांजर कोंडलं आसंल." ती दाराकडं निघाली. त्याला तिला अडवता आलं असतं. तो दोन पावलं आडवा गेलासुद्धा. पण 'उघडू नको' म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. तेवढ्यात तिनं कडी काढली.

आत पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा एक दांडा होता, आणि धूळ. अयोध्या दारात उभी होती. तिच्या खांद्यावरून व्यंकटीला जेवढं दिसलं तेवढं दिसलं. बाजेवर गादी नव्हती. नवार मधोमध खाली गेली होती, कुणी बसल्यावर जाते तशी. आणि चौकटीच्या कडेला एक डावा हात होता. आणखी वितभर पुढं झालं असतं तर तो ज्याचा आहे तेही दिसलं असतं. हातात चमचा. चमचा भरलेला होता आणि तो त्याच्याकडं धरलेला होता. जराही हलत नव्हता. कुणी फार वेळ, फार सबुरीनं धरावा तसा.

आंबट ताकाचा वास आला.

"कुणीच न्हाई की," अयोध्या म्हणाली. "फळीबी रिकामी. मग वाजलं काय?"

व्यंकटीनं डोळे खाली केले. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. त्याला ते आवरता येत नव्हतं, आणि त्यापेक्षा वाईट गोष्ट त्यानं जन्मात अनुभवली नव्हती.

६

"बाई," तो म्हणाला. "खीर न्हाई खाल्ली तिनं."

"काय?"

"तुझ्या आईनं. शेवटाला खीर खाल्ली म्हणालो मी. न्हाई खाल्ली."

अयोध्याला कळलं नाही. पण पुढच्या खोलीत कुडुम असा आवाज झाला. दोघांनी वळून पाहिलं. नवाबनं फुटाणा फोडला होता. आठवड्यातला पहिला दाणा तो गिळत होता, मान मागं टाकून, घाईघाईनं.

"खाल्ला!" ती हरखून म्हणाली. मग बापाचा चेहरा पाहून तिचा आवाज उतरला. "आबा, बसा बरं. आधी दोन घास खा, मग बोलू."

तिनं ताटलीत शिरा वाढला आणि ती त्याच्याजवळ, गुडघ्याला गुडघा लावून बसली. घास करून तिनं त्याच्या तोंडापुढं धरला. शिऱ्याचा गोड वास आला. पण तोंड उघडत नव्हतं. पिंजऱ्यात नवाब दुसरा फुटाणा चोचीत धरून बसला होता.

"तिची वासना उडाली नव्हती," व्यंकटी म्हणाला. "भूक व्हती तिला. म्या दिलं न्हाई."

कुडुम.

अयोध्याचा हात तसाच होता. फक्त तिचा गुडघा बापाच्या गुडघ्यापासून निघाला. तिला ते जाणवलंही नसेल.

"का दिलं न्हाई?"

"ती बोलंना म्हणून." शब्द नीट येत होते, एकामागं एक. "वाटी फळीवर ठेवली. तिला दिसंल अशी."

कुडुम. ती आणखी सरकली. घास धरलेला हात खाली आला, ताटलीच्या कडेला लागला. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग परवडला असता. फुटाण्याच्या गाड्यापुढं उभं राहून कौतुकानं टाळ्या वाजवणारी लहानपणची अयोध्या त्याला आठवली, आणि आता ती तिथं शोधूनही सापडत नव्हती.

थांबावं, असं त्याला वाटलं. एवढ्यावर थांबलं तर ती कदाचित रडेल, मग डोळे पुसेल, आणि म्हाताऱ्या माणसाची चूक म्हणून पदरात घेईल. त्यानं ओठ मिटले. घरात काही वाजेना. पिंजऱ्यातला फुटाणा उजव्या कडेनं हळूहळू घरंगळायला लागला.

अयोध्यानं ते पाहिलं. तिनं बापाकडं पाहिलं. मग वर्षभर बंद असलेल्या आणि आता उघड्या पडलेल्या त्या दाराकडं. ताटली जमिनीवर ठेवून ती उठली, बाहेरच्या दाराकडं तोंड करून.

"किती दिवस?" तिनं न वळता विचारलं.

त्यानं सांगितलं.

नवाब खात होता. एकेका शब्दाला एकेक दाणा, आणि एकेका शब्दाला लेक एकेक पाऊल लांब. ती चौकटीला हात टेकून उभी राहिली. एक पाय उंबऱ्याच्या आत होता, एक बाहेर. अंगणातल्या उन्हात नागप्पा कुणाला तरी मोठ्यानं हाक मारत होता. ती निघून जाईल, असं व्यंकटीला वाटलं. ती गेली नाही.

"पुढं," ती म्हणाली.

व्यंकटीनं तोंड उघडलं.